खडकांची घडण आणि वायूची साठवण
(भिलाईच्या स्मृतिनगरातील मराठी वाचकांपुढे दिलेले भाषण)



मराठीत 'पेव फुटणे' असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्या गोष्टीला अनावर ऊत आला की तिचे पेव फुटले असे आपण म्हणतो. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेले कोठार. धान्य किंवा हळद अशा कोठारात साठवून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे तर दूरवर प्रसिद्ध होती. कृष्णाकाठच्या तेथील मातीत खोल खड्डा घेतला तरी त्याच्या भिंती ढासळत नसत आणि तोंड नीट लिंपले की आतली हळद वर्षानुवर्षे टिकून राही. २००५ सालच्या महापुरात पाणी शिरून यांतील अनेक पेवे निकामी झाली. साठवण खड्ड्याच्या भरवशावर होत नाही, ती भोवतालच्या भूमीच्या भरवशावर होते, हे त्या शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

आज मला ज्या साठवणीविषयी बोलावयाचे आहे ती हळदीची नाही. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू वेगळा काढून, दाबाखाली आणून, जमिनीच्या पोटात एक-दोन किलोमीटर खोल खडकांत सोडावा आणि तेथेच तो हजारो वर्षे राहावा, अशी ही योजना आहे. जगात काही ठिकाणी ती प्रत्यक्षात आली आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर ती अद्याप झालेली नाही. तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात यंत्रे आणि खर्च यांना बरीच जागा मिळते आणि खडकाला फार थोडी. माझ्या मते मात्र या सर्व व्यवहाराचा निकाल खडकच देतो. एवढेच एक सूत्र आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हा विषय भिलाईत का काढावा, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपले नगर पोलादावर उभे राहिलेले आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेले असते. त्याला मोकळे करण्यासाठी दगडी कोळशापासून तयार केलेला कोक वापरतात. कोकमधील कार्बन ऑक्सिजनला आपल्याबरोबर घेऊन जातो आणि लोखंड मागे उरते. म्हणजे या रीतीने लोखंड काढायचे तर हा वायू निघणारच. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. भट्टीत मळी वेगळी करण्यासाठी चुनखडकही लागतो, आणि तो आपल्या जवळच्या नंदिनीच्या खाणीतून येत आला आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो.

भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. भिलाईची कच्च्या पोलादाची क्षमता वर्षाला ७० लाख टन धरली आणि त्याला ही सरासरी लावली, तर वर्षाकाठी पावणेदोन कोटी टनांचा आकडा येतो. हा हिशेब केवळ सरासरीवरून केलेला आहे, पण प्रश्नाचे आकारमान समजण्यास तो पुरेसा आहे. एवढा वायू कोठे ठेवावयाचा, आणि ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिच्या पोटात त्याला जागा आहे काय?

या ठिकाणी अनुवादकाचा अनुभव थोडा उपयोगी पडतो. भूशास्त्रावरील लेखन मराठीत आणताना पहिली अडचण येते ती 'रिझर्व्हायर' या शब्दाची. धरणाच्या संदर्भात त्याला आपण 'जलाशय' म्हणतो. तोच शब्द खडकाविषयी आला आणि त्याचा 'भूगर्भातील जलाशय' असा अनुवाद केला, की वाचकाच्या मनात लगेच एखादी गुहा, एखादे अंधारे तळे उभे राहते. प्रत्यक्षात तेथे ना गुहा असते ना तळे. तेथे घन खडकच असतो. वाळूचे कण एकमेकांना चिकटून बनलेल्या वालुकाश्मात कणाकणांमध्ये सूक्ष्म फटी राहतात, आणि बहुधा त्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. वायूला जागा मिळते ती या फटींत, तेथील पाणी बाजूला सारून. म्हणून मी 'संग्राहक खडक' असा शब्द वापरते. तो कानाला जड लागतो, पण दिशाभूल करीत नाही.

संग्राहक खडकाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. एक सच्छिद्रता, म्हणजे फटींचे प्रमाण. दुसरा पार्यता, म्हणजे त्या फटी एकमेकींना जोडलेल्या असणे. एखाद्या वाड्यात पन्नास खोल्या आहेत पण एकीतून दुसरीत जाण्यास दारच नाही, तर पाहुण्यांची सोय होणार कशी? कित्येक खडक या वाड्यासारखे असतात. जागा पुष्कळ, वाट मात्र नाही.

याशिवाय खोलीचाही विचार करावा लागतो. ३१ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे त्र्याहत्तर पटींहून अधिक दाब असला, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीचा वायू राहत नाही; द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली साधारण ८०० मीटरच्या पुढे ही स्थिती मिळते. भूपृष्ठावर जो वायू १,००० घनमीटर जागा व्यापतो त्याला तेथे तीन-चार घनमीटर पुरतात. परंतु इतका दाट झाला तरी तो खाऱ्या पाण्याहून हलकाच असतो, म्हणून पाण्यात सोडलेल्या तेलाप्रमाणे तो सतत वर येऊ पाहतो. त्याला अडवण्यासाठी संग्राहक खडकाच्या वर ज्याच्या फटींतून काहीच सरकू शकत नाही असा दुसरा खडक पसरलेला असावा लागतो. चिखल दाबला जाऊन बनलेला शेल हा या कामी उत्तम. त्याला मी 'झाकणखडक' म्हणते.

झाकणखडक काय करू शकतो याचा पुरावा आपल्याकडेच आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली 'मुंबई हाय' येथे तेल सापडले. तेथील घुमटासारख्या उंचवट्यातील सच्छिद्र चुनखडकात ते तेल शेलच्या झाकणाखाली मानवजातीच्या जन्मापूर्वीपासून अडकून राहिले होते. अशा ठिकाणाला भूशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात, म्हणजे सापळा. निसर्गाने जे तेलाच्या बाबतीत केले ते आपण या वायूच्या बाबतीत करावे, अशी या साठवणीमागची मूळ कल्पना आहे.

मोठ्या प्रमाणावर तिचा पहिला प्रयोग उत्तर समुद्रात झाला. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण बरेच असते. तो वेगळा काढून १९९६ पासून सुमारे १,००० मीटर खोलीवरील उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडण्यात येऊ लागला. वर्षाला साधारण दहा लाख टन. कृत्रिम कंपने पाठवून त्याचा मागोवा घेतला तेव्हा एक लक्षणीय गोष्ट दिसली. वायू सरळ वर जाऊन मुख्य झाकणाला टेकला नव्हता. वालुकाश्मात मधूनमधून शेलचे जेमतेम मीटरभर जाडीचे पदर होते. त्या प्रत्येक पदराखाली तो थोडा अडला, आडवा पसरला, फट सापडताच पुढच्या पदराकडे गेला, आणि अशा नऊ थरांत विभागला गेला. ज्या पदरांना खोदण्यापूर्वी फारसे महत्त्व नव्हते त्यांनीच वायूचा मार्ग ठरवला.

त्याच देशाच्या उत्तरेकडील स्नोव्हित येथे २००८ साली साठवण सुरू झाली. तेथेही वालुकाश्मच होता, परंतु प्राचीन नद्यांच्या पात्रांतील वाळूचा. पात्रे एकमेकांपासून तुटक. त्यामुळे वायूला पसरण्यास वाट मिळेना आणि दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढू लागला. शेवटी २०११ मध्ये तो थर सोडून वायू दुसऱ्या थराकडे वळवावा लागला. अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ ते २०११ या काळात ३८ लाख टनांच्या आसपास वायू सुमारे वीस मीटर जाडीच्या वालुकाश्मात सोडला गेला. उपग्रहांनी पाहिले तर वरची वाळवंटी जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात होती, आणि एका विहिरीभोवती ती ज्या आकृतीत उचलली गेली त्यावरून खाली भेग उघडत असावी असा निष्कर्ष निघाला. झाकणाच्या अखंडतेविषयी शंका आल्यावर काम थांबवण्यात आले.

तिन्ही ठिकाणी तंत्र साधारण सारखे, कंपन्या अनुभवी, खडकाचे नावही एकच: वालुकाश्म. परिणाम मात्र तीन प्रकारचे झाले. हा फरक खडकाच्या घडणीने पडला.

आता आपल्या पायाखाली पाहू. दुर्ग, रायपूर, बिलासपूर हा सारा प्रदेश भूशास्त्रात छत्तीसगढ द्रोणी म्हणून ओळखला जातो. एक अब्ज वर्षांहूनही आधीच्या उथळ समुद्रात साचलेले वालुकाश्म, शेल, चुनखडक आणि डोलोमाइट यांचे थर येथे आहेत. आपल्या भागातील फर्शीचा दगड आणि सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल यांतूनच निघतो. चुनखडक आहे, शेलही आहे, मग मुंबई हायसारखे येथे का होऊ नये? कारण वयाने आणि दाबाने या खडकांच्या कणाकणांतील जागा बहुतेक बुजून गेली आहे. वरच्या भागात ज्या पोकळ्या आहेत त्या पाण्याने चुनखडक विरघळून झालेल्या, आणि त्यांतच आपल्या विंधनविहिरींचे पाणी आहे. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल बनते आणि चुनखडक त्यात विरघळतो. बस्तरमधील कुटुमसरची गुहा कोरली गेली ती अशाच पाण्याने. ज्या खडकावर गावांची तहान अवलंबून आहे तेथे हा वायू नेण्याचा विचारही करू नये.

कोरब्याकडील कोळशाचे थर हा दुसरा पर्याय सुचवला जातो. कोळसा कार्बन डाय-ऑक्साइडला आपल्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवतो, हे खरे. परंतु धरताना तो फुगतो आणि स्वतःच्याच बारीक भेगा बुजवतो, त्यामुळे पुढच्या वायूला वाट राहत नाही. शिवाय ज्या थरात वायू ठेवला तो पुन्हा कधीही खणता येणार नाही. तेव्हा फार खोल, खणण्याजोगे नसलेले थर तेवढे विचारात घ्यावे लागतात.

राहिला आपला काळा दगड. बेसाल्ट, किंवा परिभाषेतील असिताश्म. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापला आहे, आणि छत्तीसगढातील मैनपाटच्या माथ्यावरही त्याचा एक तुटक अवशेष आहे. यालाही शास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. मात्र हा 'ट्रॅप' सापळा नव्हे. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यापायऱ्यांसारखे थर दिसतात, त्यावरून स्कँडिनेव्हियन भाषांतील जिना या अर्थाचा शब्द त्याला चिकटला. उच्चार एकच, अर्थ दोन. या पायऱ्यांचा सापळा होऊ शकेल काय, हाच आज भारतीय शास्त्रज्ञांपुढील एक मोठा प्रश्न आहे.

आशेला जागा आहे. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह विपुल असते. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून या खडकातून फिरला की ही मूलद्रव्ये त्याच्याशी संयोग पावतात आणि वायूचा दगड बनतो. एकदा दगड झाला की झाकणाची चिंता राहत नाही. आइसलंडमध्ये २०१२ साली असा वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. त्यातील सुमारे ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगडरूप झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ साली सुमारे १,००० टन वायू बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि दोनेक वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेट खनिजाचे नवे कण आढळले. आपल्या पुणे-जळगावकडील खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे आणि कॅल्साइटचे सुंदर स्फटिक निघतात. कॅल्साइट म्हणजे दगड झालेला कार्बन डाय-ऑक्साइडच. निसर्गाने हे काम आपल्या पठारातही केले आहे.

पण येथेही घडण आडवी येते. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग भरीव आणि अभेद्य असतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांनी भरलेला, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा तांबड्या मातीचा पट्टा असतो. कागदावर ही रचना आदर्श वाटते: पोकळ भागात वायू आणि वरच्या भरीव भागाचे झाकण. तथापि जे स्फटिक आपण कौतुकाने घरात ठेवतो त्यांनीच त्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी भरून टाकलेल्या आहेत, आणि भरीव भागाला तो निवताना पडलेल्या उभ्या भेगा आहेत. कोणत्या भेगा बंद आहेत आणि कोणत्या उघड्या, हे प्रत्येक ठिकाणी विंधून पाहावे लागते. आइसलंडचा बेसाल्ट तरुण आहे, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. तेथील वेग येथे तसाच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

जाडीही सर्वत्र सारखी नाही. कोयना परिसरात संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीस ती केवळ ३३८ मीटर निघाली. पूर्वेकडे पठार पातळ होत जाते आणि नागपूरपाशी संपते. भिलाईला सर्वांत जवळची जी कड, तीच सर्वांत पातळ. आठशे मीटरची खोली तेथे मिळणे कठीण. याउलट जेथे जाडी पुरेशी आहे तेथे कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या अभ्यासाने आपल्याला शिकवले की जमिनीतील भेगांत पाण्याचा दाब बदलला तर ताणाखाली असलेला विभंग सरकू शकतो. वायू सोडणे म्हणजेही खाली दाब वाढवणे. हा धडा आपण मोठी किंमत देऊन घेतला आहे.

आकडे काय सांगतात? भारतात एकूण ४०० ते ६०० अब्ज टन वायू मावेल, असा अंदाज २०२१ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात बेसाल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन दिला आहे. या दोन टोकांमध्ये तिपटीहून अधिक अंतर आहे. हे अंतर संशोधकांचा दोष नव्हे. खडकाच्या आतली घडण अद्याप किती थोडी ठाऊक आहे याचे ते प्रामाणिक मोजमाप आहे. वृत्तपत्रांत मात्र बहुधा मोठा आकडाच पोहोचतो.

म्हणून वाचक आणि नागरिक या नात्याने आपण काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. किती टन, हा प्रश्न सर्वांच्या शेवटी. त्याआधी खडक कोणता आणि त्याच्या फटी जोडलेल्या आहेत काय, हे विचारावे. झाकण कशाचे, किती जाड, आणि त्यावर कोणाच्या विहिरी आहेत? परिसरात विभंग आहेत काय? जुनी विंधनछिद्रे बुजवली आहेत काय? वायू सोडणे थांबल्यावर पन्नास वर्षांनी तेथे लक्ष कोण ठेवणार? यांची उत्तरे मिळाली तर साठवण हा विश्वासाचा मार्ग ठरू शकतो. स्लाइप्नरने ते दाखवले आहे. पण तेथे वर्षाला दहा लाख टन जात होते आणि आपला नुसता अंदाजी आकडा पावणेदोन कोटींचा आहे, हेही विसरू नये. जो वायू निर्माणच झाला नाही त्याला झाकण लागत नाही. मोडीचे पोलाद पुन्हा वितळवणे, कोकऐवजी हायड्रोजनसारखे साधन वापरणे, हे उपाय खडकाला पर्याय म्हणून नव्हे, तर खडकावरचा भार हलका करण्यासाठी हवेत.

नंदिनीच्या चुनखडकात फार पूर्वीच्या समुद्राने आणि हवेने ठेवलेला कार्बन डाय-ऑक्साइड दगड होऊन पडलेला आहे. ती साठवण पूर्ण होण्यास लागलेला काळ आपल्या हिशेबात बसत नाही. आपण भट्टीत तो दगड काही तासांत मोडतो. पुन्हा तो घडवण्यास योग्य खडक शोधावा लागेल, आणि तो शोध घाईने करता येणार नाही.